केळीच्या चेंबरमध्ये लागर: नोव्हेंबर ते मे, कामाची वही

मी रेफ्रिजरेशनचा मेकॅनिक. वीस वर्षं यावल-रावेर पट्ट्यात केळीची रायपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या थंड खोल्या) उभी करणं, गॅस भरणं, कॉम्प्रेसर बदलणं हेच केलं. जळगावजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात मायक्रोब्रुअरी आहे, म्हणजे जागीच बिअर बनवून विकतात, तिथला चिलर दुरुस्त करायला गेलो आणि तिथंच चिकटलो. हॉटेलच्या शेठना लागर नावाची बिअर काढायची होती, टाक्या मोकळ्या नव्हत्या, म्हणून केळीच्या जुन्या चेंबरमध्ये पन्नास-पन्नास लिटरच्या स्टीलच्या ड्रमांत करून बघायचं ठरलं. त्या सहा महिन्यांची ही वही. ज्यांच्याकडे परवाना आहे आणि असलाच जुगाड डोक्यात आहे त्यांनी आमच्या चुका आधी वाचाव्यात. परवाना नसेल तर नुसतं वाचा आणि सोडून द्या, १९४९ चा दारूबंदी कायदा घरातल्या ड्रमालाही सोडत नाही. आमचं सगळं परवान्याच्या आवारात, रजिस्टरला नोंद करून झालं.

१७ नोव्हेंबर २०२४

चेंबर आलं. आठ बाय आठ, उंची आठ फूट, ६० मिलिमीटरचं पफ पॅनल (थंडी धरून ठेवणारी फोमची भिंत), दीड टनाचं युनिट. ४२,००० ला मिळालं, आयशरचं भाडं ३,५००. उतरवताना दोन पॅनलचे कॅमलॉक (पॅनल जोडायचे आकडे) मोडले, फोम मारून भागवलं.

हॉटेलात पाचशे लिटरच्या तीन टाक्या आहेत. गव्हाची बिअर पंधरा दिवसांत नळाला लागते, लागरला दीड-दोन महिने. "मिस्त्री, एका लागरच्या जागेत माझी तीनदा गव्हाची निघते," म्हणून शेठनी टाकी द्यायला साफ नकार दिला. पण गिऱ्हाईक रोज विचारतं, बाटलीतल्यासारखी नाही का? आपल्याकडे दुकानात बाटलीत मिळते ती जवळजवळ सगळी लागर, एवढं शेठना ठाऊक होतं. लागर म्हणजे नेमकं काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

२० नोव्हेंबर

मतदान, ड्राय डे. बार बंद, सगळे मोकळे. पेंटरला बोलावून बिअरच्या दोन प्रकारांचा, एल आणि लागरचा, भिंतीवरचा बोर्ड रंगवून घेतला. शेठनी मजकूर सांगितला: "एल: काळी, कडक. लागर: पिवळी, हलकी." पेंटरने पहिल्यांदा "लगेर" लिहिलं, मग पुसून "लागर" केलं. १,८०० रुपये.

पुण्याहून ब्रुअर मॅडम, म्हणजे बिअर बनवण्यातल्या जाणकार, महिन्यातून दोनदा येतात. त्यांना फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "दादा, हे कोणी लिहिलं?" शेठचं नाव सांगितलं. "उलटा करून ठेवा तो बोर्ड. काळी लागर असते, पिवळी एल असते, आठ टक्क्यांची लागर असते आणि साडेतीन टक्क्यांची एल असते. रंग माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, कडकपणा साखरेचा. एल की लागर हे यीस्टवर ठरतं." मी म्हटलं, म्हणजे काढा एकच, यीस्ट वेगळं टाकलं तर बिअर वेगळी? म्हणाल्या, करून बघा.

बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

२४ नोव्हेंबर

पहिला घाणा. शंभर लिटर वर्ट (माल्टचा गोड काढा), साधं पेल माल्ट २२ किलो, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) बेताचे. ग्रॅव्हिटी, म्हणजे काढ्याची घनता, १.०४८; साखर आंबत जाते तशी ती उतरते. उकळून, गार करून दोन ड्रमांत निम्मं निम्मं. एकात एलचं यीस्ट, तीन पाकिटं. दुसऱ्यात लागरचं, तेही तीन पाकिटं. ड्रमांवर कागद चिकटवून स्केच पेनने "एल" आणि "लागर" लिहिलं. या तीन पाकिटांचं आणि त्या कागदाचं पुढे काय झालं ते येईलच.

खरी चूक निराळी होती. एलच्या यीस्टला साधारण १८ ते २० अंश लागतात, लागरच्या यीस्टला १० ते १२. चेंबर एक, थर्मोस्टॅट एक. मी हुशारी केली आणि मधलं धरलं: १५. केळीच्या धंद्यात मधलं चालतं, माल एक दिवस उशिरा पिकतो एवढंच.

२७ नोव्हेंबर

सगळीकडे सांगतात, एलचं यीस्ट वर येतं आणि लागरचं तळाला बसून काम करतं. म्हणून बॅटरी घेऊन झाकणं किंचित उचलून बघितली. दोन्हींत फेस वरच होता. एकात जाड, ताकावर लोणी येतं तसा गोळागोळा, आणि दुसऱ्यात पातळ. पण वर होता तो दोन्हींत. मॅडम म्हणाल्या, ही वर-खालीची भाषा उघड्या कुंडांच्या काळातली आहे. तेव्हा एलचं यीस्ट वरून झाऱ्याने काढून पुढच्या घाण्याला वापरत. हॉटेलच्या टाकीला खाली निमुळतं तोंड आहे, तिथं एलचं यीस्टही काम संपल्यावर तळालाच येतं आणि आम्ही खालच्या व्हॉल्व्हनेच काढतो. तेव्हा झाकण उचलून ओळख पटवायच्या भानगडीत पडू नका. उगाच हवा लागते.

जाता जाता, ज्यांना ही खोली करायची आहे त्यांनी चेंबरचा एक्झॉस्ट काढून टाकू नका. केळीही कार्बन डायऑक्साइड सोडते म्हणून तो असतोच, पण आंबणारे ड्रम त्याहून कितीतरी जास्त सोडतात आणि तो जमिनीलगत साठतो. आधी दार उघडून दहा-पंधरा मिनिटं एक्झॉस्ट चालवायचा, मग आत पाऊल.

८ डिसेंबर

मधलं धरल्याचं फळ मिळालं. एक ड्रम १.०१९ वर अडकून बसलाय, दुसरा १.०११ वर आलाय. दुसऱ्याला उकडलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास. त्याचं काही नाही, लागरमध्ये येतो आणि थंडीत ठेवलं की जातो म्हणे.

पण कुठला ड्रम कोणाचा? चेंबरमध्ये ओल इतकी की दोन्ही कागद सुटून खाली लगदा होऊन पडलेले. पोऱ्याने फरशी पुसताना ड्रम सरकवलेले. अडकलेला तो एल असावा, कारण त्याला गारठा सोसला नसेल. पण असावा म्हणून चालत नाही, हेच यीस्ट पुढच्या घाण्याला वापरायचं होतं.

११ डिसेंबर

हे मात्र जमलं, आणि फुकटात.

मॅडमनी सांगितलं, प्रयोगशाळेत मेलिबायोज नावाची साखर देऊन बघतात. लागरचं यीस्ट ती खातं, एलचं खात नाही. जळगावात ती कुठे शोधू? दुसरा मार्ग सोपा: ३७ अंश. एलचं यीस्ट ३७ अंशांवर वाढतं, लागरचं वाढत नाही.

माझ्या साडूचा पोल्ट्रीचा धंदा आहे. अंडी उबवायचं इनक्युबेटर ३७.५ वरच लावलेलं असतं. त्याला म्हटलं, दोन दिवस एक कोपरा दे. दोन बाटल्यांत उकळून गार केलेलं स्वच्छ वर्ट घेतलं. उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्याच्या दांड्याचं टोक एका ड्रमच्या साक्यात बुडवून एका बाटलीत, दुसरा चमचा दुसऱ्या ड्रमचा दुसऱ्या बाटलीत. एवढंसंच यीस्ट घ्यायचं. जास्त टाकलं तर पाणी आधीच गढूळ होतं आणि वाढ झाली की नाही ते कळत नाही. तोंडाला फॉइल. या वेळी नावं बाटलीवर रबरबँडने बांधली, पिवळा आणि लाल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिवळा रबरबँड गढूळ, हलवला की बुडबुडे. लाल जसाच्या तसा, पलीकडची अंडी दिसतील इतका नितळ. आज सकाळीही तसाच. म्हणजे पिवळा एल, लाल लागर. पिवळा होता अडकलेल्या ड्रमचा. अंदाज बरोबर होता, पण आता खात्री झाली.

लागरच्या यीस्टला उष्णता का सोसत नाही, हे मॅडमनी फोनवर सांगितलं ते मला फार आवडलं. एलचं यीस्ट सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पावात असतं तेच घराणं. लागरचं सॅकरोमायसिस पास्टोरिआनस, ते संकरित: एक बाजू सेरेव्हिसीची, दुसरी युबायानस नावाच्या थंडीतल्या यीस्टची. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने १८८३ साली लागरचं शुद्ध यीस्ट वेगळं काढलं, पण त्याच्या आई-बापातलं एक जण कोण हे पुढे सव्वाशे वर्षं सापडत नव्हतं. २०११ साली युबायानस सापडलं ते दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांच्या गाठींवर. आमच्याकडे हायब्रीड कपाशीचं बियाणं घेताना शेतकरी नर-मादी विचारतो, तसंच झालं हे.

साडूने विचारलं, अंड्यांना वास तर लागणार नाही ना. नाही लागला.

१५ डिसेंबर

अडकलेली एल बाहेर स्टोअरमध्ये ठेवून बघितली. दिवसा २८, रात्री १२. यीस्ट दुपारी जागं होई, पहाटे झोपी जाई. १.०१६ च्या खाली गेली नाही. पन्नास लिटर गोडमिट्ट पाणी गटारात. निम्मं माल्ट, हॉप्स, गॅस, यीस्ट धरून दोन-सव्वादोन हजार गेले. यापुढे एल हॉटेलच्या ग्लायकॉलने (गार द्रवाने) थंड होणाऱ्या टाकीतच, चेंबर फक्त लागरला. हे पहिल्या दिवशी ठरवलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

२२ डिसेंबर

चेंबर १० वर लावलं. सकाळी येऊन बघतो तर आत १६. पंखा फिरतोय, हवा येत नाही. कॉइलवर बोटभर बर्फ.

ही चूक माझ्या धंद्यातली, म्हणून जास्त लागली. केळी १३ अंशांखाली गेली की साल काळवंडते, म्हणून हे युनिट जन्मात कधी १३ च्या खाली गेलेलं नाही. खोली तेवढी गरम असताना कॉइल शून्याच्या वरच राहते, तिच्यावरचं पाणी ठिबकून जातं. म्हणून त्यात डिफ्रॉस्टची, म्हणजे बर्फ वितळवायची, सोयच ठेवलेली नाही. खोली १० वर नेली की कॉइल शून्याखाली जाते आणि ठिबकायचं पाणी तिथंच गोठतं.

टायमर बसवला: दर सहा तासांनी वीस मिनिटं कॉम्प्रेसर बंद, पंखा चालू. १० अंशांच्या हवेनेच बर्फ वितळतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलून गॅस नव्याने भरला, ३,६००. सोबत दोन प्रोबचा (तापमान मोजणाऱ्या तारांचा) डिजिटल कंट्रोलर, २,२००.

दुसरा प्रोब का, ते सांगतो. थर्मोस्टॅटचा प्रोब हवेत लोंबकळतो. केळीला ते ठीक. पण ऐन भरात आलेल्या ड्रमच्या आतलं तापमान हवेपेक्षा दोन-तीन अंश जास्त भरलं. यीस्ट स्वतःच गरमी सोडतं. आता प्रोब ड्रमच्या अंगाला चिकटवून वर थर्माकोलचा तुकडा आणि पट्टी. कंट्रोलर ड्रमचं ऐकतो, खोलीचं नाही.

२९ डिसेंबर

ड्रम २. या वेळी अर्धं बोअरचं, अर्धं आरओचं पाणी. आमच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरतं. मॅडम म्हणाल्या, काळ्या बिअरला ते चालेल, फिकट लागरला मऊ पाणी पाहिजे. १८४२ साली आजच्या चेक देशातल्या पिल्झेनला योसेफ ग्रोलने पहिली सोनेरी लागर, म्हणजे पिल्सनर, काढली, ती तिथल्या मऊ पाण्यावर.

लागरचं यीस्ट तीन पाकिटं, ११ अंश.

२ जानेवारी २०२५

चार दिवस झाले, आज कुठे बुडबुडा आला. चार दिवस गोड वर्ट उघड्या मैदानासारखं पडून होतं, कुणीही जंतू येऊन बसला असता. पाकिटामागची बारीक अक्षरं आज वाचली. एलला लिटरमागे अर्धा ते पाऊण ग्रॅम, लागरला एक ग्रॅमच्या आसपास. गारठ्यात यीस्ट हळू वाढतं म्हणून सुरुवातीलाच जास्त माणसं लावायची. पन्नास लिटरला पाच पाकिटं पाहिजेत. मी तीन टाकून "पैसे वाचवले" होते.

१४ जानेवारी

संक्रांत. ग्रॅव्हिटी १.०१३. घरी जायची घाई होती. कामगिरी झाली समजून चेंबर सरळ २ वर टाकलं आणि तिळगूळ खायला यावलला.

२५ जानेवारी

मॅडम आल्या. ड्रम ३ भरला, पाच पाकिटं, चेंबर पुन्हा ११ वर. भरता भरता त्यांनी ड्रम २ चा अर्धा ग्लास घेतला, नाकाजवळ नेला आणि माझ्या हातात दिला. लोणी. सिनेमा थिएटरात पॉपकॉर्नवर जे पिवळं टाकतात तो वास. जिभेवर तेलकट.

त्याला डायअसिटाइल म्हणतात. यीस्ट आंबवताना ते बनवतं आणि काम संपत आलं की स्वतःच परत खाऊन टाकतं. पण त्यासाठी जागं असावं लागतं. मी त्याला संक्रांतीच्या दिवशी गारठवून झोपवलं. लागरला शेवटी-शेवटी, ग्रॅव्हिटी तळाला यायच्या थोडं आधी, दोन-तीन दिवस १६-१७ अंशांवर आणायचं (याला डायअसिटाइलची विश्रांती म्हणतात) आणि मगच थंड करायचं. एलला हे दुखणं कमी, कारण ती मुळातच गरम असते आणि घाण शिल्लक ठेवत नाही.

झालं की नाही ते कळायची युक्ती: थोडी बिअर झाकणाच्या बाटलीत घेऊन ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, मग गार करून वास. लपलेलं लोणी वर येतं. आता प्रत्येक ड्रमला करतो.

शेठना मात्र लोण्याची बिअर आवडली. "असू द्या की, चखण्याला मस्का लागणार नाही."

२९ जानेवारी

ड्रम २ स्टोअरमध्ये आणून दोन गोधड्यांत गुंडाळला. चार दिवसांत १७ वर आला, पण लोणी तसंच. यीस्ट सगळं तळाला, उठायचं नाव नाही. आज ड्रम ३ ऐन फेसावर आहे, त्यातलं चार लिटर काढून ड्रम २ मध्ये ओतलं. जागी माणसं झोपलेल्यांच्या घरात पाठवली.

४ फेब्रुवारी

गेलं. ६० अंशांच्या परीक्षेतही लोणी नाही. ड्रम २ वाचला.

८ फेब्रुवारी

ड्रम ४. म्युनिक माल्ट आणि मूठभर काळं भाजकं माल्ट, यीस्ट लागरचंच. रंग कोकमच्या आगळासारखा. हे मुद्दाम. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बोर्डासाठी.

२६ फेब्रुवारी

ड्रम ३ आणि ४ विश्रांती संपवून गोधडीतून निघाले. तिन्ही ड्रम आत, चेंबर १.५ वर. जर्मनमध्ये लागर म्हणजे साठवण, कोठार. नाव कामावरूनच पडलं. इथं यीस्ट काही विशेष करत नाही, गाळ बसतो, गंधक उडतो, धार मऊ होते.

१.५ अंशाच्या हवेने बर्फ वितळत नाही, म्हणून नुसता टायमर निकामी. कॉइलवर डिफ्रॉस्टचा हीटर आणि ड्रेनच्या नळीत हीटरची वायर बसवली. आधीचा टायमर धरून ४,८००. ड्रेनची वायर विसरू नका. मी विसरलो होतो, आणि वितळलेलं पाणी नळीत पुन्हा गोठून ट्रेमधून ड्रमांवर गळलं.

१४ मार्च

लाईट सात तास गायब. जनरेटर कॉम्प्रेसरचा स्टार्टिंगचा झटका घेईना. दार उघडलं नाही. हवा ७ वर गेली, ड्रम ३ वर. दीडशे लिटर थंड पाणी हीच बॅटरी.

५ एप्रिल

चाखणी. शेठ, मी, दोन वेटर, एक केळीचा व्यापारी आणि त्याच्या गाडीवरचा शिरपूरकडचा ड्रायव्हर. (गाडी आज चालवायची नाही या अटीवर. मुक्काम हॉटेलातच.) सोबत शेवभाजी. ती जरा जास्तच जहाल झाली होती, आधी चाखणी आणि मग जेवण करायला हवं होतं.

चार ग्लास: सोनेरी एल आणि काळी स्टाउट टाकीतून, पिवळी लागर ड्रम ३ ची, काळी लागर ड्रम ४ ची. आधी उघड्या डोळ्यांनी जोड्या लावायला सांगितल्या, कोण कोणाची बहीण. सहाच्या सहा जणांनी काळ्याशी काळी आणि पिवळीशी पिवळी लावली. मला उत्तर माहीत असूनही माझा हात तिकडेच जात होता.

मग डोळ्यांवर रुमाल. आता चौघांनी दोन्ही लागर एकत्र आणल्या. विचारलं, कशावरून? व्यापारी म्हणाला, "या दोन घशातून निघून जातात, मागं काही राहत नाही. त्या दोन नाकात रेंगाळतात, फळासारख्या." काळी लागर भाजक्या पावासारखी लागते पण शेवट स्वच्छ. स्टाउट जळक्या कॉफीसारखी आणि मागून मनुक्याचा वास. भाजकेपणा माल्टचा, मनुका यीस्टची.

पाचवा ग्लास मी मुद्दाम मागे ठेवला होता, हॉटेलची रोजची गव्हाची. ड्रायव्हरने रुमाल न काढता हुंगला आणि म्हणाला, "भो, यामां केळं टाकेल शे का?"

केळं टाकलेलं नाही. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला जे एलचं यीस्ट वापरतात ते आयसोअमाइल अ‍ॅसिटेट बनवतं, आणि पिकलेल्या केळीच्या वासातही तेच असतं. मी वीस वर्षं त्या वासात काढली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेंबरचं दार उघडलं की तोंडावर येतो तो. या हॉटेलात पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं, कोणी घड आणून ठेवलाय का. व्यापाऱ्याने ग्लास ओढून घेतला, दोनदा हुंगला आणि म्हणाला, "बसराईचा नाही हा, ग्रँड नैनचा." केळीच्या जातींतलं तेवढं मला कळत नाही.

शेठना धक्का वेगळाच बसला: "म्हणजे मी तीन वर्षं एल विकतोय?" हो. गव्हाची, पांढुरकी, हलकी, आणि एल. बोर्डाप्रमाणे ती लागर होती.

६ एप्रिल

ड्रम ५ आणि ६ भरले, दोन्ही पिवळ्या लागर, पाच-पाच पाकिटं, ११ अंश. अठरा तासांत सुरू. तयार लागर केगमध्ये (बंद पिंपात) भरून बारच्या कूलरला, आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी).

२३ एप्रिल

दुपारी अडीच, बाहेर ४३. युनिट हाय प्रेशरवर ट्रिप. रीसेट केलं, दहा मिनिटांत पुन्हा ट्रिप. कंडेन्सर (गरमी बाहेर टाकणारा भाग) पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारभर उन्हात. डिसेंबरात बसवताना ऊन कुठून येतं हे कोण बघतो? जळगावात राहून मी नाही बघितलं.

मॅडमना कळवलं तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, आज तारीख किती? जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ च्या हुकुमाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी होती. उन्हाळ्यात केलेली बिघडायची म्हणून. हिवाळ्यात करून थंड तळघरात ठेवायची, त्यातूनच थंडीत काम करणारं यीस्ट टिकून राहिलं. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने थंडीचं यंत्र केलं, त्याला पैसा आणि जागा म्युनिकच्या ब्रुअरीवाल्यांनी दिली. म्हणजे माझा धंदाच बिअरने सुरू करून दिला, आणि मी तो आजवर केळीचा समजत होतो.

कंडेन्सर उत्तरेला हलवला, वर शेडनेट, कॉपरची नळी वाढवली, ६,२००. तोवर दीड दिवस खोली १६-१७ वर. ड्रम नेमके १.०१४ ला होते, त्यामुळे डायअसिटाइलची विश्रांती आपोआप झाली. ६० अंशांची परीक्षा दोन्ही ड्रम पास. गोधड्या धुवायचा त्रास वाचला. २७ तारखेपासून खोली १.५ वर.

३० एप्रिल

आखाजी. लागर नळाला लागली. साडेचार वाजेपर्यंत एक केग रिकामा.

काल बोर्ड नव्याने रंगवला, ९५०. पेंटरशी वाद झाला तो रकान्यांवरून. त्याचं म्हणणं दोन रकाने, मोकळं. डावीकडे एल: गव्हाची, पेल एल, स्टाउट, पोर्टर. उजवीकडे लागर: पिल्सनर, म्युनिकची डुंकेल, काळी श्वार्झ, बॉक. पण मॅडमनी पाठवलेल्या यादीत काही नावं कुठेच बसेनात. कोलोनची कोल्श एलच्या यीस्टने करतात आणि मग लागरसारखी थंडीत ठेवतात. कॅलिफोर्नियाची स्टीम बिअर लागरच्या यीस्टने, पण गरम ठेवून. म्हणजे माझ्या १५ अंशांतला लाल रबरबँडवाला ड्रम तिचाच चुलतभाऊ झाला. बाल्टिक पोर्टर नावाने एल, पण बहुतेक वेळा लागरच्या यीस्टची. बेल्जियमच्या लँबिकमध्ये यीस्ट कोणी टाकतच नाही, हवेतून येईल ते, त्यात नाना जाती. आणि "एल" हा शब्दही इंग्लंडात एकेकाळी यीस्टचा नव्हताच, हॉप्स न घातलेली ती एल आणि घातलेली ती बिअर असा हिशोब होता.

पेंटर म्हणाला, तिसरा रकाना करू, "इतर". शेठ म्हणाले, मेनूत जे नाही ते बोर्डावर कशाला. शेवटी दोन रकाने, आणि खाली बारीक अक्षरांत "रंगावरून ओळखू नये". तेवढी एक ओळ माझ्या हट्टाने.

हिशोब: चेंबर, आयशर, टायमर आणि हीटर, व्हॉल्व्ह आणि गॅस, कंट्रोलर, कंडेन्सर हलवणं, दोनदा बोर्ड, मिळून ६५,०५०. फेकलेली एल वेगळी. माझी मजुरी शेठ अजून ठरवताहेत.

४ मे

ड्रम ५ आणि ६: १.५ अंश, ८ जूनच्या आत उघडायचे नाहीत. शेठनी काल दोनदा चावी मागितली. चावी यावलला घरी आहे.